गालाच्या आतून

बाबा जेर्बाचे. चांदीची तार ओढायचे
आणि सणाला शाल डोक्यावरून घेऊन
दोन्ही पंजे मधोमध फाकवून
अख्ख्या हाराला आशीर्वाद द्यायचे.
कोहेन. बापाकडून मुलाला, मुलाकडून नातवाला,
कुठंही टाका न उसवता, म्हणे.

माँट्रियलच्या प्रयोगशाळेतली मुलगी म्हणाली,
"तुमच्यात ते सापडणार नाही.
वाय मुलींकडे येत नाही. भाऊ आहे?"

आहे. मख्लूफ. अजून त्याच दुकानात.
आईच्या दफनाला मी पोचले नाही,
तेव्हापासून अकरा वर्षं
आमच्यात शब्द नाही.

कापसाची काडी पाठवली. सोबत छापील कागद:
गालाच्या आतून तीस सेकंद घासा,
आधी कॉफी नको.
खाली मी पेनानं लिहिलं, परस्पर प्रयोगशाळेला पाठव.

त्यानं मलाच पाठवली.
चिठ्ठी नाही. पाकीट झटकून पाहिलं.
फक्त काडी, आणि वर माझं नाव,
फ्रेहा,
शेवटच्या अक्षराची शेपटी वर ओढलेली,
बाबा ओढायचे तशी.

पोस्टमन दारातच उभा होता, पावती पुढे करून.
मी सही केली.
माझीही शेपटी वर गेली.