दर्शनी बाजू

सिडको, एन-नऊ. गल्लीत सतरा घरं,
सगळी एका साच्यातली.
नवे होतो तेव्हा चुकून शेजारच्या दारात शिरायचो,
सायकल लावायचो, चप्पल काढायचो,
मग आतून इंगोलेबाई म्हणायच्या,
"तुमचं अलीकडचं, दहिफळेसाहेब."

साहेब कसला. पाटबंधारे खात्यात आरेखक.
बत्तीस वर्षं जायकवाडीच्या चाऱ्यांचे छेद काढले,
पाणी कुठून निघेल, कुठवर पोचेल.
स्वतःच्या घराची एक रेघ ओढली नाही;
ते नकाशासकट मिळालं, सोडतीत,
हप्ता दोनशे दहा.

आता सुनेच्या फोनमध्ये तेच घर उभं आहे.
राखाडी, पांढरं, मधून लाकडासारखी पट्टी.
लाकूड नाही, लाकडासारखी.
गच्चीला काच. दारात दोन झाडं,
इतकी हिरवी, की आठ दिवसांनी येणारा नळ
त्यांनी कधी पाहिलेला नाही.
फाटकाशी एक मोटारही आहे.
"ही कोणाची?" मी विचारलं.
"बाबा, ती चित्रातच येते."

बंडू नाईकनवरे टेप घेऊन आला.
"काका, नुस्तं इलेव्हेशन बदलू राहिलोत.
आतला चमचासुद्धा हलणार नाही."
"आणि ही बोळीकडची भिंत?"
"बाजू कोण बघतं, काका?"

पहिल्या दिवशी खरवडणं.
पिस्ता गेला, खाली गुलाबी निघाला,
सुलभाच्या लग्नाचा. डबा उघडल्यावर
घरातले सगळे हसलो होतो,
पण दुकानदार परत घेईना.
गुलाबीखाली रामरज, रामरजेखाली चुना,
चुन्याखाली खडीचा गिलावा.
तिथं छिन्नी घसरली.
"कोणी मारलाय हो हा? निघेचना."

मीच मारला होता. रविवारी, रविवारी.
कमल घमेलं धरायची, मी मूठमूठ फेकायचो,
अर्धी खडी तिच्या पायावर.
"भिंतीला मारा की. मला कामून मारू राहिले?"

खिडकीची जाळी ताजोद्दीननं उतरवली.
उगवता सूर्य, अकरा किरण.
बारा सांगितले होते मी, उस्मानपुऱ्यात, त्याच्या वडलांना.
त्यानं बोट ठेवून मोजले.
"हौ साब, ग्याराच हैं. अब्बा का हिसाब कच्चा था."
मग सांध्यावरून अंगठा फिरवला.
"हात पक्का था."
जाळी त्यानं न तोलताच गाडीला बांधली.
भंगाराचा भाव त्यानं काढला नाही,
मीही विचारला नाही.

पाच आठवडे धूळ, ग्राइंडर,
टँकरच्या पाण्यावरून सुनेची आणि बंडूची वादावादी.
मग एका संध्याकाळी पट्टीतले दिवे लागले.
खोटं कशाला बोलू, आवडलं मला.
रस्त्यापलीकडे जाऊन दोनदा बघून आलो.
तिसऱ्यांदा सून सोबत आली,
काही बोलली नाही, नुसती उभी राहिली.

परवा दूध घेऊन येताना
आपलं घर ओळखू न येऊन पुढं गेलो.
इंगोलेबाईंच्या पायरीशी चप्पल काढली.
त्यांना आता ऐकू कमी येतं, दिसतं बरं.
"तुमचं अलीकडचं," त्या म्हणाल्या,
अडतीस वर्षांनी, त्याच सुरात.
"नवं झालं ना," मी जरा मोठ्यानं.
"समोरून असेल बाई.
माझ्या मोरीच्या खिडकीतून तर तेच आहे."

गेलो बघायला.
अडीच फुटांची बोळ, आणि पलीकडं भिंत.
पिस्ता, पोपडे, पोपड्यांतून गुलाबी,
नळीच्या गंजाचा एक ओघळ.
वर खडी दाट आहे.
कमरेच्या खाली विरळ होत जाते, वाकडीतिकडी.
बोळीत कोपर मागं न्यायला जागा नव्हती,
माझी पाठ धरली,
तेवढी कमलनं मारली होती.

इंगोलेबाई चहा टाकते म्हणाल्या.
दुधाची पिशवी माझ्याच हातात होती.