गुडघ्याचं माप

लबकचा तो पोरगा शनिवारी येणार आहे.
फोनवर विचारलं त्याने, "मॅडम, पेडल सगळे चालतात ना?"
चालतात, म्हणून बसले.

एकतीस वर्षं मी होलिसला वाजवताना पाहिलं
ते नाचघराच्या दाराशी बसून, तिकडून, तिरकं,
मांडीवर तिकिटांचा गल्ला, वाऱ्याने आत येणारी धूळ.
पायांकडे कोण बघतं?

म्हणून हे सॉफ्टवेअर. चौदा दिवस फुकट.
पडद्यावर चोवीस पडदे, दहा तारा,
आणि हिरवे ठिपके विचारत राहतात: आता सी कुठे?
तिसऱ्यावर, दोन पेडल दाबून.
आठव्यावर, काहीच न दाबता.
अकराव्यावर, एक पेडल आणि एक गुडघा.
घर एकच, दारं तीन.
हे मला चटकन कळलं, मी कर खात्यातली;
एकाच उत्पन्नाचे तीन तऱ्हेचे फॉर्म
जन्मभर लोकांना समजावलेत.

बुधवारी दुपारी शंभरात चौऱ्याण्णव पडले.
हुरूप आला. गिटारीवरची चादर काढली.
पोलादी दांडी आठव्या रेघेवर टेकवली,
अगदी वर, सुतासारखी,
आणि तार छेडली तर शेजारच्या ट्रेव्हिन्योंचं कुत्रं रडलं.
तेव्हा कळलं की इथे पडदे नाहीतच.
नुसत्या रंगवलेल्या रेघा.
मान जरा डावीकडे केली की रेघ सरकते,
उजवीकडे केली की सूर.
संगणकाला मान नसते.

मग त्याने विचारलं, तुमच्या वाद्याची मांडणी भरा.
कोणता पेडल कोणती तार ओढतो?
डावा गुडघा उजवीकडे नेला तर काय होतं?
मला काय माहीत.
तेव्हा मी, बासष्ट वर्षांची ओनीडा स्टॉलकप,
तोंडात टॉर्च धरून गिटारीखाली उताणी शिरले,
गाडीखाली मेकॅनिक शिरतो तशी.
सळ्या, बिजागऱ्या, तेलाचा जुना वास.
एका जागी चक्क बॉलपेनची स्प्रिंग.
इथून तो मला कधीच दिसला नव्हता.
पाचवी तार वर, सहावी वर, चौथी खाली,
एकेक सळी हाताने ढकलून टिपून घेतलं
विजेच्या बिलाच्या पाठीवर.

बाहेर येऊन बसले तर
माझा गुडघा तरफेपर्यंत पोचेना.
चार बोटं कमी.
सगळं त्याच्या तंगड्यांच्या मापाचं.
तरफेला टॉवेलची घडी बांधली, दोरीने.
शोभत नाही. वाजतं.

राहिली ती पाचवी तरफ.
सॉफ्टवेअरच्या यादीत ती कुठेच नाही,
म्हणून "इतर" निवडलं.
दाबली की सहावी तार उतरते,
पण अर्धा सूरही नाही, त्याच्याहून कमी,
केसभर, चहात बिस्किट वाकावं इतकीच.
खाली तीनच पर्याय: अर्धा, एक, दीड.
अर्ध्याहून कमी असं काही त्यांच्याकडे नसतं.

आणि मला शेवटचा वॉल्ट्झ आठवला,
खुर्च्या उलट्या टेबलांवर चढवत असताना
त्यातला एक सूर दरवेळी जरासा ओघळायचा.
मी म्हणायचे, दमलाय.
गाडीत बसल्यावर थर्मास पुढे करायचे.
तो म्हणायचा, मी कुठे दमलोय.

आता हे सैल झालेल्या स्क्रूचं काम की त्याचं,
सांगायला कोणी उरलं नाही.
बेसवाला ड्वेन होता, तोही मार्चमध्ये गेला.

मी "अर्धा"वर टिचकी मारली.
तेव्हापासून त्या तरफेपाशी आले की
पडद्यावरचं उत्तर बरोबर असतं
आणि हातातलं नसतं.

पोराला आवडणार नाही.
पाव फेरा दिला तर स्क्रू बसेल, किंमतही वाढेल.
पेचकस समोरच आहे, कॉफीच्या कपाजवळ.

आज गुरुवार.