जाहीर करण्यासारखं काही?

गुरुवारी पहाटे सेंट जॉन्सच्या धक्क्याला
डॉमिनिकाची बोट लागते
आणि पोत्यांच्या आधी इस्मेनी लॅरोंद उतरते,
डोक्याला चौकड्यांचा रुमाल,
पायांत दोन रंगांचे मोजे.
मी टेबलामागे. पुढ्यात शिक्का, शाईची गादी,
सात नंबरचा फॉर्म, तीन प्रतींत.

"जाहीर करण्यासारखं काही?"
विचारावंच लागतं.
"अळकुड्या," ती म्हणते, "केळी, लिंबं,
आल्याची एक गोणी. आणि हा गुडघा."
गुडघ्यासाठी रकाना नाही.

तिच्या खिशातली नोट आणि माझ्या पगारातली नोट
एकाच बँकेची. नोटेला कुणी अडवत नाही.
लिंबाला मात्र कीड नसल्याचा दाखला लागतो.
तिचे डोंगर आमच्या बेटावरून दिसत नाहीत,
मध्ये ग्वादलूप आहे, ते फ्रान्स आहे,
म्हणजे युरोप आहे.
हे समजावून सांगायला बसलं की दुपार होते.

माझी आई तिच्याच गावची.
अशाच एका बोटीनं आली, एकोणिसाव्या वर्षी,
आणि मरेपर्यंत शिव्या तिकडच्याच भाषेत देत राहिली.
वडील तेव्हा पोर्ट ऑफ स्पेनमध्ये कारकून,
एका देशाचे, जो जेमतेम चार वर्षं जगला.
दहा बेटांचा संसार.
मग जमैकानं चूल वेगळी मांडली,
त्रिनिदादनं आपली भांडी उचलली,
उरलेल्या आठांनी राखेपाशी
किती दिवस शेकत बसायचं?
वडील परतले ते एक झेंडा घेऊन,
निळ्यावर पांढऱ्या चार लाटा, मधोमध केशरी सूर्य.
आई त्यानं शिलाई मशीन झाकायची.
"कापड चांगलं आहे," एवढंच ते म्हणायचे.
क्रिकेटच्या दिवशी मात्र मशीन उघडं असायचं.
अकरा जण मैदानात उतरले
की तो देश संध्याकाळपर्यंत परत जिवंत व्हायचा,
आणि बाद झाला की
कोणत्या बेटाचा पोरगा चुकला
त्यावरून घरात भांडण.

या आठवड्यात पंतप्रधान आले आहेत, सगळे.
हॉटेलकडचा रस्ता बंद.
ठराव येतो आहे म्हणे,
मुक्त संचाराचा, पुन्हा एकदा.
जमैकाहून आलेले साहेब मायामीवरून आले,
सरळ विमानच नव्हतं.
इस्मेनी ऐकते, पोत्यावर बसून गुडघा चोळते.
"अळकुड्यांना कळवा," म्हणते.
मी शिक्का मारतो.

मग सप्टेंबरात वादळ आलं.
त्यानं कुठल्याच बेटावर फॉर्म भरला नाही.
त्या गुरुवारी बोट आली नाही.
पुढच्या गुरुवारी इथूनच एक निघाली, उलटी,
पत्रे, पाणी, मेणबत्त्या, लहान मुलांचे बूट,
बाजारातल्या बायकांनी पोत्यांवर कोळशानं नावं लिहिलेली,
नाव माहीत नसेल तिथं नुसतं 'ताईला'.
माझ्या टेबलावर कुणी थांबलं नाही.
मीही हाक मारली नाही.

तिसऱ्या गुरुवारी इस्मेनी उतरली.
पोती नाहीत. डोक्याला रुमाल नाही.
कडेवर शेजाऱ्यांची मुलगी, झोपलेली,
मुठीत एक लिंबू, न पिकलेलं.

जाहीर करण्यासारखं काही,
हे मी विचारलं नाही.
पण फॉर्म होता, आणि फॉर्मला उत्तर लागतं.
मुक्काम किती दिवस? ती गप्प.
येण्याचं कारण?
ती समुद्राकडे बघत राहिली,
आपलं गाव ग्वादलूपच्या पाठीमागे
अजून आहे की नाही, हे जणू इथून दिसणार होतं.

मी लिहिलं: घरी आली.
दुपारी साहेबांनी कागद परत पाठवला,
लाल शाईत, 'हे कारण यादीत नाही'.
नवा फॉर्म घेतला, कार्बन नीट लावले,
आणि तेच लिहिलं पुन्हा, जरा दाबून,
तिसऱ्या प्रतीपर्यंत उमटावं म्हणून.