झाड क्रमांक चारशे तेरा

आंसेल्मा वकीलबाई चष्मा कपाळावर सारून विचारतात,
"झाडाला हात लावला होता का कधी?"
केप्याच्या बाजारावरचं हे ऑफिस, खाली चणेकार,
जिन्यात ओल्या फायलींचा वास.
कसला हात, मी म्हणते.
"पाणी घातलंत? आळं केलंत? बोंडू वेचलेत?
नीट आठवून सांगा.
नाही म्हणालात तर बरं."

छत्तीस वर्षं मी वर्गात सांगत आले,
स्वतःच्या हातांनी केलं तेच आपलं.
आणि आता बरं होणार
ते काहीच केलं नसेल तर.

पावतीवर 'विक्री' असं छापलंय, हिरव्या शाईत.
काजूची अकरा कलमं, सांग्याच्या पलीकडे डोंगरात,
प्रत्येकाच्या बुंध्याला पत्र्याचा बिल्ला,
चारशे तीन ते चारशे तेरा.
कंपनी खत घालणार, कंपनी राखण ठेवणार,
कंपनीच पावणी करून बिया विकणार,
आणि दर मे महिन्यात माझ्या खात्यात पैसे.
दोन हंगाम आले. मग फोन लागेना.
पोलीस म्हणाले, बाई, झाडं घेतलीत ना?
झाडं तिथेच आहेत.
जा, घेऊन या.

वकीलबाई हसत नाहीत.
कायद्याला, म्हणतात, नावाशी देणंघेणं नसतं.
झाड म्हणा, शेळी म्हणा,
समुद्रकाठच्या खोलीतले वर्षाचे आठ दिवस म्हणा.
तो विचारतो, सगळ्यांचे पैसे एकाच हंड्यात पडले ना?
वाढून परत येतील म्हणूनच टाकले ना?
आणि पळी कोणाच्या हातात होती?
पळी दुसऱ्याच्या हातात असेल
तर ते झाड नव्हे, बाई. तो रोखा.
मग विकायच्या आधी परवानगी लागते,
ती त्यांनी घेतली नव्हती. तिथे धरू त्यांना.

रोखा.
मोहोर न येणारा शब्द.
जिभेवर फिरवून बघते,
कच्च्या बोंडूसारखा घसा धरतो.

बाबांना गावकारीची जोण यायची.
नांगर त्यांनीही कधी धरला नाही,
पण बांध फुटला की भर रात्री कंदील घेऊन धावायचे.
जोण भावालाही मिळाली. मुलीला नसते.
म्हणून तर निवृत्तीचे पैसे हातात आले त्या आठवड्यात
मी हिरव्या शाईच्या कागदावर सही केली.
डोंगरावर कुठेतरी
माझ्या नावाचं काहीतरी उभं आहे,
एवढं पुरायचं मला, रात्री झोप नसताना.

एक गोष्ट मात्र कुठल्याच कागदावर नाही.
दुसऱ्या वर्षी, एप्रिलात,
दोन बस बदलून, मग दीड तास चढून
मी गेले होते.
राखणदार वेळीप कोळंबीशेजारच्या सावलीत झोपलेला.
चारशे तेराचं आळं कोरडं ठाक.
त्याचीच कळशी उचलली, ओहळापर्यंत
तीन खेपा केल्या.
मातीनं पाणी पिताना केलेला आवाज
मी एकटीने ऐकला.
खाली पडलेला एक बोंडू तिथेच उभ्यानं खाल्ला,
रस कोपरापर्यंत, आणि पातळावर.
काजूचा डाग जात नाही. गेला नाही.

"म्हणजे कारभारात तुमचा हात नव्हता,"
आंसेल्माबाई लिहिता लिहिता थांबतात,
"असंच लिहू ना?"

विचारावं वाटतं, तीन कळशा म्हणजे कारभार होतो का.
नसेलच होत.
बाई ते मायेनं समजावून सांगतील,
कलम काढून दाखवतील,
की त्या पाण्यानं काही बिघडत नाही,
ते मोजलंच जात नाही.
ते मला कोणाच्या तोंडून ऐकायचं नाही.

लिहा, म्हणते. हात नव्हता.
पेन घेते, सही करते,
आणि आज मुद्दाम नेसून आलेल्या पातळाच्या
निऱ्यांवरचा तपकिरी डाग
टेबलाखाली डाव्या हाताने झाकून ठेवते.