इतिवृत्त

शनिवार, दुपारी दोन. हजर : वडीलजन नऊ,
पाळक रेव्हरंड लुसुंगु म्हांगो,
आणि मी, मंडळीचा चिटणीस, निवृत्त गणितशिक्षक,
जो गेली एकवीस वर्षं या लाल पुठ्ठ्याच्या वहीत
ठरलेलं लिहीत आलाय, बोललेलं नाही.

प्रार्थनेनंतर विषय पहिला : छप्पर.
चाळीस पत्रे हवेत. गोंड्वेंनी बोटाला थुंकी लावून
पैसे मोजले, पुन्हा मोजले.
एक लाख ऐंशी हजार क्वाचा कमी.
बाहेर सरोवराकाठी बायका उसिपा वाळत घालत होत्या.
मासळीचा वास वाऱ्यावर आत आला
आणि आमच्यात बसला, दहावा वडील असल्यासारखा.

"ते मी घेतले," पाळक म्हणाले.
जसं कुणी म्हणावं, दार मी लावलं.

मंगळवारी रात्री टेम्वाला कळा सुरू झाल्या.
म्झुझूचं इस्पितळ लांब,
गाडीवाला आधी पैसे मागत होता.
टेम्वा. हिला प्रभूच्या मेजापासून दूर केल्याचा ठराव
याच वहीत आहे, पान एकशे बारा.
माझं अक्षर त्या दिवशी फार सुंदर आलं होतं.

गोंड्वे उठले. पत्र्यांचा पैसा देवाचा, म्हणाले.
चिर्वा म्हणाले, विचारायचं तरी.
कुणीतरी गावाबाहेरच्या तंबूतल्या नव्या पास्टरचा विषय काढला,
ज्याच्याकडे जनरेटर आहे, चार कर्णे आहेत,
आणि ज्याला हिशेब विचारायची सोय नाही.
"मग त्याच्यात आणि आपल्यात फरक काय?"

पाळक ऐकत होते.
अकरा प्रार्थनाघरं सायकलवर फिरणारा माणूस,
विजारीच्या काठाला चेनचं काळं वंगण.
"पैसे घेतले याचं वाईट वाटत नाही," म्हणाले,
"तुम्ही नाहीच म्हणाल, असं मी धरून चाललो, त्याचं वाटतं.
मेंढपाळाने कळपाला भ्यावं
आणि रात्री गुपचूप पेटीचं कुलूप उघडावं,
हे माझं पाप. ते लिहा.
आणि मलाही मेजापासून दूर करा."

गोंड्वे खाली बसले. बोटांवर काहीतरी मोजलं.
"उद्या प्रभुभोजन. तुम्ही नाही, तर भाकर मोडणार कोण?
पलीकडच्या काठावरून पाळक आणायचा
तर बोटीचं भाडंच..."
आणि अडकले,
कारण चिर्वांना हसू आलं, मग मलाही,
आणि हसता हसता लाज वाटली.

तेव्हा न्यामसिस्का बोलल्या.
बैठकीत त्या झोपतात असा आमचा समज.
"बाळ कसं आहे?"

दीड तास आम्ही बोललो होतो.
हा प्रश्न कार्यक्रमपत्रिकेत नव्हता.

"आई आहे," पाळक म्हणाले.
त्यापुढे बराच वेळ काही आलं नाही.
न्यामसिस्का काठी टेकत उठल्या,
समारोपाच्या प्रार्थनेला न थांबता
टेम्वाच्या घराकडे चालू लागल्या.
हे नियमाला धरून नाही.

ठराव : छपराचा विषय पुढच्या बैठकीवर.
ठराव : पाळकांनी चूक कबूल केली, बैठकीने ऐकली.
"क्षमा केली" असं लिहू का, मी विचारलं.
कुणी हो म्हणालं नाही, कुणी नाही म्हणालं नाही.
तेवढी ओळ कोरी आहे.

रात्री कंदिलाशी पान एकशे बारा उघडलं.
या वहीत खोडायची मुभा नाही.
मुलांना मीच सांगायचो,
चुकलेलं गणितही दिसू द्या, पुसू नका.
समासात पेन्सिलीने नुसता वार घातला : मंगळवार.
नाव ठेवायला कुणाला वेळ मिळाला नव्हता.

रविवारी छपरातल्या खिळ्यांच्या भोकांतून
नेहमीसारखे कवडसे उतरले,
एक मेजावर, एक गोंड्वेंच्या टकलावर.
पाळकांनी भाकर मोडली
आणि वडीलजनांच्या बाकाकडे न येता
सरळ दाराकडे गेले.
न्यामसिस्का तिथे उभ्या होत्या, पायांना धूळ,
ओंजळ पुढे केलेली. म्हणाल्या, "दोघींपुरतं द्या.
एक घरी न्यायचंय."

गोंड्वे वळून माझ्याकडे बघत राहिले.
मी पेन आणलं नव्हतं.