नेहेत्यांचा लेयर

जळगाव एमआयडीसी. डाळमिलचं ड्रॉइंग उघडायला
एक कटिंग चहा लागतो. झूम करायला दुसरा.
मालक म्हणतो, रॅम टाकून घे ना भो.
बाहेर पंचेचाळीस. कूलरही हँग.

पर्ज मारला. जुने ब्लॉक गेले, फॉन्ट गेले,
कुणाच्या तरी बंगल्याची नारळाची तीन झाडं गेली.
चक्र फिरतंच.

मग सापडला बंद करून ठेवलेला लेयर,
नाव 'नंतर बघू'.
चालू केला :
हॉपरमध्ये तूर.
दाणा न् दाणा वेगळा काढलेला,
सुटे एक लाख बारा हजार.
हॅच मारला असता तर मिनिटाचं काम.

नेहेते आता भुसावळला असतात.
फोन केला नाही.

डिलीट.
फाइल चटकन उघडली.

एक दाणा राहू दिला
हॉपरच्या तोंडाशी,
अडकल्यासारखा.