अंगठे बाहेर

धारूरच्या पुढं, सीताफळांच्या डोंगरात
जिथं डांबर संपतं आणि मुरूम सुरू होतो,
तिथं मस्तानभाईंनी गाडी थांबवायला लावली.
"उतरा. आधी पायानं चालवायची."

तीस वर्षं पाटबंधाऱ्याची जीप हाकलेला माणूस.
चपलेच्या टोकानं दगड हलवून बघतो,
हलला तर बाजूला, नाही हलला तर त्याचं बारसं करतो:
हा म्हातारा, ही शेळी, हा सासरा.
"सासऱ्याला पोटाखाली घेऊ नका, चेंबर फोडंल.
डोक्यावरून चाक न्या त्याच्या."

मी चव्वेचाळीस वर्षांची, लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते.
ही जुनी फोर-व्हील घेतली तेव्हा भाऊ म्हणाला, काऊन?
अजून सांगितलेलं नाही.

अंगठे बाहेर ठेवा, स्टिअरिंगच्या आत नको;
दगड चाक फिरवतो, चाक अंगठा मोडतं.
क्लचवरचा पाय काढा.
आखूड दांडी मागं ओढा. टक् वाजलं का?
वाजलं.
मग काचेत नुसतं आभाळ,
एक घार,
आणि कानाशी मस्तानभाई: "रेस नको. तिला येतंय."

उतारावर ब्रेक दाबायचा नाही.
माझा पाय तिकडं सरकला की ते खाकरायचे.
सात वेळा खाकरले.

खाली ओढा. पाणी नाही, रेती.
मागची चाकं बसली, मी रेटलं, आणखी बसली.
"रेतीसंगं भांडू नये. हवा सोडा."
चारी चाकांपाशी उकिडवी बसले,
काडीनं वॉल्व दाबून, सुस्स...
नाडी मोजावी तशी मोजत.

तेवढ्यात मागून भुर्रर.
लुना. दुधाचे दोन कॅन, मधे दप्तर धरलेलं पोरगं.
हाकणारा पाय टेकवत टेकवत पार झाला,
वळून म्हणाला, "सोप्पंय ताई, रोजचंच हाय."
मी मस्तानभाईंकडं बघितलं.
"हाव," ते म्हणाले, "सोपीच हाय.
म्हणून तर तुम्हाला इथं आणलं."

मऊ झालेल्या चाकांवर गाडी निघाली,
गाभण म्हशीसारखी, घाई न करता.
काठावर चढून मागं बघितलं:
माझे दोन रुंद पट्टे, मधेच एक खड्डा,
आणि शेजारून लुनाची एक बारीक रेघ,
कुठंच न थांबलेली.

मग पायपंप. एकेका चाकाला दोनशे दाबे.
तिसऱ्या चाकाशी मोजणी चुकली.
मस्तानभाई सीताफळ फोडत होते,
त्यांना आकडा माहीत होता.